आठ नंबरची भाडेकरीण

माणूस ओळखायचा असेल तर त्याचा फ्रीज पुढे ओढून मागे बघावं, असं रेलीन डगन म्हणायची. तिने बघितलं होतं. बावीस वर्षं ती लोकांनी सोडलेली घरं साफ करत होती. भाडेकरू गेला की एजंटचा फोन यायचा आणि रेलीन बादली, ब्रश, निलगिरीच्या तेलाची बाटली गाडीत टाकून निघायची. बँकेतला साहेब, शाळेतली बाई, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारं जोडपं, सगळ्यांच्या फ्रीजमागे तिने काय काय पाहिलं होतं ते ऐकलंत तर रात्रीचं जेवण जाणार नाही. बाहेर कापलेलं गवत, दारात गुलाब, आणि न्हाणीघराच्या जाळीत तीन माणसांच्या केसांचा गोळा. वरून कीर्तन, आतून तमाशा. रेलीनला माणसांची किळस होती, पण ती उगाच नव्हती. ती तिने गुडघे झिजवून कमावलेली होती.

ती स्वतः टॅरंडेलमध्ये राहायची. सिडनीपासून दूर, मरम्बिजी नदीकाठच्या गावाची ही दक्षिणेची वस्ती. विटांची बैठी घरं, पत्र्याची कुंपणं, आणि डिसेंबरचा उन्हाळा लागला की करपून पिवळं पडणारं गवत. तिथल्या बँक्सिया कोर्ट नावाच्या पुढे बंद होणाऱ्या गल्लीत आठ नंबरचं घर रेलीनचं. रेलीनचं म्हणजे भाड्याचं, पण एकोणीस वर्षांचं. ती आली तेव्हा त्या घरात कुत्र्याच्या मुताचा वास मारणारा गालिचा होता. तिने तो सुरीने कापून, गुंडाळून, एकटीने ओढत बाहेर टाकला. खाली लाकडी फळ्या निघाल्या. तीन शनिवार-रविवार ओणवं बसून तिने त्या घासल्या आणि त्यांना पॉलिश केलं. मालकाने परवानगी लगेच दिली. फुकटात होत असेल तर मालक देऊळसुद्धा बांधू देतात.

नवरा पहिल्याच वर्षी क्वीन्सलँडला खाणीत काम करायला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. रेलीनने त्याचा टूथब्रश नाल्या घासायला वापरला, आणि विषय संपवला.

त्या गल्लीत अकरा घरं. दहा घरांत मालक आणि एका घरात रेलीन. नाताळच्या आदल्या रविवारी गल्लीतली मंडळी खुर्च्या बाहेर काढून बिअर प्यायची, सॉसेज भाजायची. त्याची चिठ्ठी प्रत्येक पत्रपेटीत पडायची, आठ नंबर सोडून. समोरच्या सात नंबरची जेनेट तिच्याबद्दल पाहुण्यांना सांगायची, "ती ना? ती भाड्याने राहते." घरात कुणाला गोवर झालाय हे सांगावं तसा आवाज. रेलीनने ते खिडकीतून ऐकलं होतं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. सातव्या वर्षी चिठ्ठी आली तेव्हा ती गेली नाही. तुमचे सॉसेज तुम्हीच गिळा, असं ती मनात म्हणाली, आणि त्या दिवशी तिने खिडक्यांच्या खाचा टोकदार काडीने साफ केल्या.

आणि फेब्रुवारीत मालकाने घर विकायला काढलं.

सांगायला एजंट ब्रेडन आला. वय सव्वीस, घोट्याच्या वर संपणारी पँट, टोकदार बूट, आत मोजे नाहीत. चाळीस डिग्रीच्या उन्हात त्या बुटांत काय शिजत असेल या विचाराने रेलीनचं निम्मं लक्ष तिकडेच गेलं.

"घाबरू नका हं रेलीन," तो म्हणाला. "अशी घरं बहुतेक वेळा सिडनीतले गुंतवणूकवाले घेतात. त्यांना घर बघायचीही हौस नसते. त्यांना वेळेवर भाडं देणारा भाडेकरू मिळाला की झालं. तुम्ही तर काय, घराबरोबर मिळालेलं सोनं."

"आणि कुणी राहायला घेतलं तर?"

ब्रेडनने स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "तर मग घर रिकामं करून द्यावं लागेल. पण तसं होणार नाही."

तसं झालं तर काय, हे रेलीनला ब्रेडनपेक्षा जास्त ठाऊक होतं. गावात भाड्याचं एक घर निघालं की चाळीस अर्ज पडत होते. त्रेसष्ट वर्षांची, एकटी, दुसऱ्यांची संडासं धुणारी बाई त्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली. मग उरत होतं कॅराव्हॅन पार्क. तिथे झोपायला पत्र्याची खोली मिळते, पण न्हाणीघर सामायिक. रोज सकाळी अनोळखी माणसाचा ओला साबण, त्याला चिकटलेला केस. मरणाला रेलीन घाबरत नव्हती. त्या साबणाला घाबरत होती.

गल्लीत तिच्याशी बोलणारी एकच, सहा नंबरची कॉरल पिकेट. वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"अगं, साधं गणित आहे," कॉरल म्हणाली. "सिडनीवाला घर बघायला येणार नाही. जो बघायला येईल तो राहणारा. म्हणजे बघायला येणाऱ्याला पळवायचं. घर घाण ठेव."

"घाण?"

"घाण! तोंड काय असं करतेस, आईवरून शिवी दिल्यासारखं? भांडी ओट्यावर पडू दे. मांजराची पेटी दारात ठेव."

"माझ्याकडे मांजर नाही."

"माझं घेऊन जा. त्याला दोन दिवस जुलाब होतायत, देवाची कृपा."

रेलीन हसली नाही. घाण ठेवायचं घर म्हणजे काय ते तिच्या डोक्यातच शिरेना.

पहिल्या शनिवारी घर बघायला खुलं झालं. सकाळी अकराला ब्रेडनने फाटकाशी झेंडा रोवला. स्वयंपाकघरात त्याने काचेचा एक वाडगा ठेवला, त्यात प्लास्टिकची लिंबं. खिडकीबाहेर रेलीनच्या झाडाला दोनशे खरी लिंबं लटकत होती. जाहिरातीत लिहिलं होतं, 'प्रेमाने जपलेलं घर'. कुणी जपलं ते लिहायला जागा पुरली नसावी.

आणि मग गल्ली आली. इकडे कुणाचं घर विकायला निघालं की शेजारीपाजारी सगळे आत जाऊन येतात. घ्यायचं कुणालाच नसतं. दुसऱ्याची चड्डी कुठल्या खणात आहे एवढं कळलं की त्यांचा शनिवार सार्थकी लागतो. एकोणीस वर्षांत जिने फाटकाला हात लावला नव्हता ती जेनेट, नवऱ्याला, डॅरिलला पुढे घालून उंबरा ओलांडून आली. कपाट उघडलं, मिटलं. ओव्हन उघडला. न्हाणीघरातलं औषधांचं कपाट उघडून तिने एकेक बाटली फिरवून वाचली, एका डबीत बोट घालून बघितलं. रेलीन दारात उभी राहून बघत होती. एखादी गोगलगाय आपल्या उशीवरून चालत जावी तशी शिसारी तिच्या अंगभर पसरली.

"अगंबाई, काय टापटीप!" जेनेट म्हणाली. "भाड्याचं वाटतच नाही हं."

"त्या डबीत बोट घातलंस ना, ते माझ्या टाचांच्या भेगांचं मलम आहे," रेलीन म्हणाली. "आता त्याच बोटाने नाक नको खाजवूस."

अर्ध्या तासात एकतीस माणसं येऊन गेली. त्यातल्या कुणीतरी संडास वापरला आणि पाणी ओढलं नाही. रेलीन तिथे उभी राहून नुसती बघत राहिली. पैसे घेऊन तिने असलं हजार वेळा धुतलं होतं. हे मात्र तिच्या घरात घुसून, तिच्या अंगावर थुंकल्यासारखं केलं होतं. धुताना तिने ठरवलं, पुढच्या शनिवारी कॉरल म्हणते तसंच. तुम्हाला घाणच आवडते ना? घ्या मग.

गुरुवारी तिने किलोभर कोळंबी आणली. खाल्ली थोडी, डोकी आणि सालं सगळी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि झाकण उघडं ठेवलं. शुक्रवारी पारा एकोणचाळीसला गेला. मटण भाजलेला ट्रे तिने चरबीसकट ओट्यावर सोडून दिला. ती रात्र तिने कॉरलच्या सोफ्यावर काढली, कारण त्या वासात झोपणं तिला जमेना. शनिवारी सकाळी कॉरलच्या ओसरीवरसुद्धा आठ नंबरचा दर्प येत होता. माशांचं घोंघावणं कुंपणापलीकडून ऐकू येत होतं.

"छान," कॉरल चहा ओतत म्हणाली. "खरं सांगायचं तर भयंकर. म्हणजेच छान."

दहा पंचवीसला सात नंबरचं दार उघडलं. जेनेट बाहेर आली, आणि बरोबर तिची बहीण. दोघी नटलेल्या. गेल्या शनिवारचं पुरलं नव्हतं, म्हणून आता बहिणीलाही दाखवायला निघाल्या होत्या. अजून वेळ होता म्हणून दोघी आपल्या गुलाबांपाशी उभ्या राहिल्या.

रेलीनच्या हातातला कप थांबला. ती आत जाणार. नाकाला रुमाल लावणार. बहिणीकडे बघून म्हणणार, 'मी म्हटलं नव्हतं? भाडेकरू शेवटी भाडेकरूच.' आणि हे वाक्य या गल्लीत रेलीन गेल्यावरही वीस वर्षं राहणार.

"कुठे निघालीस?" कॉरल ओरडली. "रेलीन! बस खाली! अगं, स्वतःच्या पायावर धोंडा—"

पण रेलीन कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेलीसुद्धा. पस्तीस मिनिटं होती, आणि गावात तिच्याइतक्या वेगाने हात चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. कोळंबीची डोकी दोन पिशव्यांत बांधून ती मागच्या गल्लीने गेली आणि डॅरिलच्या चाकं लावलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. ट्रे उकळत्या पाण्यात. खिडक्या सताड. ओट्याला सोडा, फळ्यांना निलगिरीचं तेल. तोंडाने शिव्या चालू होत्या, जेनेटला, ब्रेडनला, कोळंबीला, स्वतःला. अकराला ब्रेडनने पुढचं दार उघडलं तेव्हा घरात ओल्या झाडांचा वास होता आणि रेलीन मागच्या पायरीवर हात पुसत उभी होती. बाहेर पडायला तिला वेळच मिळाला नव्हता.

सगळ्यात आधी आली ती जेनेट नव्हे. सत्तावीस-अठ्ठावीसची एक मुलगी, कडेवर रांगतं बाळ, मागे लाल कानांचा नवरा. मुलीचं नाव टेगन, तो जोएल. टेगनने कपाटं उघडली नाहीत. तिने ओव्हन उघडला, बघितलं, हळूच लावला. मग खाली वाकून तळहात फळ्यांवर फिरवला, हात बघितला, आणि बाळाला खाली सोडलं. बाळ टेबलाखाली गेलं. रेलीन बघत राहिली. असं घर बघणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. अशी ती स्वतःच बघायची.

टेगनला ती दारात दिसली. "तुम्हीच राहता इथे?"

"हो."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"एकोणीस!" मुलीचा चेहरा पडला. "आणि आता विकताय? जीवावर येत असेल नाही?"

म्हणजे ही आपल्याला मालकीण समजते. रेलीनच्या लक्षात आलं. 'भाडेकरू' एवढा एक शब्द पुरे होता. तेवढ्यात पुढच्या दारातून जेनेट आणि तिची बहीण आत आल्या, दोघींची नाकं आधीच तयार. रेलीनला त्या दोघींच्या देखत तो शब्द उच्चारवेना. खरं सांगायचं तर तिला तो उच्चारायचाही नव्हता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिच्याकडे, ज्याचं घर आहे अशा माणसाकडे बघावं तसं बघत होतं.

"वय झालं आता," ती म्हणाली. "एवढं मोठं घर एकटीला काय करायचंय?"

बोलताना तिने खांदेही जरा ताठ केले. त्या अर्ध्या मिनिटाचा गोडवा तिला दुपारपर्यंत पुरला. संध्याकाळी मात्र तिला आपल्याच तोंडाची घाण वाटायला लागली.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, आठ नंबरच्या पुढच्या हिरवळीवर लिलाव झाला. गल्लीने खुर्च्या आणल्या. जेनेटने तर थंड पेयांची पेटीही आणली. डॅरिल कोळंबीनंतरचा आठवडाभर आपल्या डब्यात काय मेलं म्हणून विचारत फिरत होता, तो आज दूर उभा होता. विजेच्या तारांवर गुलाबी काकाकुवे किंचाळत होते. कॉरलने रेलीनचा हात घट्ट धरला होता.

बोली लावणारे दोनच उरले. ब्रेडनच्या कानाला फोन, फोनवर सिडनीतला कुणीतरी, ज्याने घर बघितलंच नव्हतं. आणि जोएल. रेलीन आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी पैसेवाल्यासाठी देवाची करुणा भाकत होती. ज्या माणसांचा तिला जन्मभर तिटकारा आला, कुठेतरी बसून फोनवर लोकांची घरं विकत घेणारे, त्यांच्यातलाच एक आज तिचा तारणहार होता. घे रे बाबा, ती मनात म्हणत होती. तुला काय कमी आहे? घे.

फोनवाला पाच हजारांनी चढत होता, जोएल एकेक हजाराने. चारशे एक्याऐंशी हजारांवर जोएलने टेगनकडे बघितलं. तिने डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. चारशे ब्याऐंशी. ब्रेडन फोनवर कुजबुजला, ऐकलं, आणि नकाराची मान हलवून फोन खाली केला. सिडनीवाल्याने तेवढ्याच सहजपणे दुसरीकडचं दुसरं घर बघायचं ठरवलं असणार. लिलाववाल्याने कागदाची गुंडाळी हातावर आपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जेनेटनेही.

"हात दाखवून अवलक्षण," कॉरल हळूच म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने रेलीनची पाठ चोळली.

कागद करायला मंडळी आत गेली. ब्रेडन आणि जोएल स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. रेलीन ओट्याला टेकून उभी राहिली, कुठे उभं राहावं ते तिला सुचेना. टेगन बाळाला घेऊन थेट तिच्याकडे आली. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"तुम्हाला एक सांगू?" ती हळूच म्हणाली. "आम्ही आठ वर्षं भाड्याने काढली. दोन वेळा आमच्या पायाखालून घर विकलं गेलं. दुसऱ्या वेळी मला आठवा महिना चालू होता. उन्हाळ्यात, खोकी घेऊन. तेव्हाच मी जोएलला सांगितलं होतं, माझी एकच अट आहे. ज्या घरात कुणी भाड्याने राहतंय ते घर मी घेणार नाही. दहा घरं सोडली मी त्यापायी. ब्रेडनला मी विचारलं नाही. ते लोक खोटं बोलतात, आम्हाला दोनदा बोललेत. म्हणून मी इथे तुम्हाला विचारलं."

रेलीनने टेबलाशी बसलेल्या ब्रेडनकडे बघितलं. तिला ब्रेडनची किळस यायला हवी होती, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. या मुलीत तर किळस यावी असं काहीच नव्हतं, तिच्या फ्रीजच्या मागे बघितलं असतं तरी सापडलं नसतं. जे काही होतं ते रेलीनच्याच तोंडातून, अर्ध्या मिनिटात बाहेर पडलेलं होतं.

अजून सही झालेली नव्हती, पण लिलावात बोली पडली की सौदा पक्का मानतात. आता सांगितलं तर ही मुलगी टेबलावरचा कागद ओढून घेईल हे तिला कळत होतं. मग भांडण होईल, वकील येतील, त्या लाल कानांच्या मुलाने आठ वर्षं साठवलेलं बुडेल. आणि बाहेर हिरवळीवर दहा खुर्च्या होत्या, त्यात जेनेट पाय पसरून बसली होती. यातलं नेमकं कशाने तोंड बांधलं, मुलीबद्दलच्या दयेने की जेनेटच्या भीतीने, हे रेलीनला सांगता आलं नसतं, आणि तिने स्वतःला विचारलंही नाही.

"तुम्ही रडताय?" टेगन म्हणाली.

"स्वतःचं घर विकताना जीव तुटतोच गं," रेलीन दबक्या आवाजात म्हणाली.

टेबलाशी ब्रेडन पेन झटकत होता. "चालत नाहीये हे. कुणाकडे पेन आहे का?"

रेलीनने एप्रनच्या खिशातून आपलं पेन काढलं, एप्रनच्या टोकाने पुसलं, आणि जोएलच्या हातात दिलं.